वृद्धापकाळातील तीव्र नैराश्य : उपचारांची शक्यता आणि वास्तव

भारतात साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजेच एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के इतकी होती. यांपैकी सुमारे ७१ टक्के वृद्ध ग्रामीण भागात राहत होते. वाढलेले आयुर्मान हे सार्वजनिक आरोग्यसेवेचे यश होय, यात शंका नाही. तथापि या वाढीव वर्षांत मनाच्या आरोग्याचे काय होते, या प्रश्नाकडे आपल्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. वृद्धांच्या आरोग्याचा विषय निघाला की मोतीबिंदू, मधुमेह, रक्तदाब आणि सांधेदुखी यांची चर्चा होते. नैराश्याचा उल्लेख झालाच तर तो एकाकीपणाच्या संदर्भात आणि काहीशा हळहळीच्या सुरात होतो. नैराश्य हा निदान करता येण्याजोगा व बरा होऊ शकणारा आजार आहे, ही गोष्ट त्या हळहळीत हरवून जाते.

‘लासी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या देशव्यापी सर्वेक्षणातून ही तफावत स्पष्टपणे पुढे आली. मुंबई येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या या पाहणीत ४५ वर्षे व त्यावरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती घेण्यात आली आणि तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. लक्षणांविषयी पद्धतशीर प्रश्न विचारले असता साठीवरील ८.३ टक्के व्यक्तींमध्ये तीव्र स्वरूपाच्या नैराश्याची शक्यता आढळली. आपल्याला नैराश्याचे निदान झाले आहे, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण मात्र एक टक्क्याहूनही कमी होते. याचा अर्थ असा की, नैराश्याने ग्रासलेल्या दर दहा वृद्धांपैकी सुमारे नऊ जणांच्या आजाराला नावच मिळालेले नाही. ज्या आजाराला नाव नाही, त्यावर उपचार सुरू होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

वय आणि आजार यांतील सीमारेषा

हे नाव न मिळण्याची कारणे घरातच सापडतात. निवृत्त शिक्षक असोत वा शेतातून अंग काढून घेतलेला कास्तकार, वृद्ध माणूस बोलेनासा झाला, बाहेर पडेनासा झाला, ताटातले अन्न तसेच ठेवू लागला, तर घरची मंडळी ‘वयच झाले आता’ म्हणून समजूत काढतात. पत्नीचा वा पतीचा मृत्यू त्याआधी झालेला असेल तर कारण अगदी उघडच वाटते. काही घरांत तर या वागण्याला विरक्तीचा मान मिळतो. संसारातून मन काढून घेणे हे आपल्या परंपरेने उतारवयाचे भूषण मानले असल्यामुळे हा गैरसमज सहज होतो व बराच काळ टिकतो.

विरक्ती व नैराश्य यांतील फरक ओळखणे मात्र फारसे कठीण नाही. खऱ्या अर्थाने मन निवृत्त झालेल्या माणसाला शांत झोप लागते आणि नातवंडांशी तो चार शब्द आनंदाने बोलतो. नैराश्याचा रुग्ण पहाटे तीन-चार वाजता जागा होतो व सकाळची वेळ त्याला सर्वाधिक जड जाते. तो स्वतःला दोष देत राहतो, आपण घरावर ओझे झालो आहोत असे पुन्हापुन्हा बोलून दाखवतो, आणि आवडत्या गोष्टीतही त्याला रस वाटत नाही. अशी स्थिती दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज राहिली, तर तिला आजार समजून डॉक्टरांचा सल्ला घ्यावयास हवा.

वृद्धांमधील नैराश्याचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, रुग्ण ‘मला उदास वाटते’ असे क्वचितच म्हणतो. घास उतरत नाही, पोट साफ होत नाही, अंग दुखते, छातीत धडधडते, हातापायांत जीव राहिलेला नाही, अशा तक्रारी घेऊन तो एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जात राहतो. तपासण्या होतात, टॉनिके लिहून दिली जातात, झोपेची गोळी मिळते. तीव्र नैराश्यात या शारीरिक तक्रारींना भ्रमाचे रूप येऊ शकते. आपली आतडी सडली आहेत, घरातील सगळा पैसा संपला आहे, आपल्या हातून घडलेल्या पापाची शिक्षा कुटुंबाला भोगावी लागणार आहे, अशी ठाम समजूत रुग्णाच्या मनात घर करते. बँकेचे पासबुक दाखवूनही ती हलत नाही. अशा वेळी वाद घालणे निरर्थक असते.

विस्मरणाच्या आजाराशी होणारी गल्लत ही दुसरी मोठी अडचण होय. नैराश्यात एकाग्रता ढासळते व स्मृतीही मंदावते, त्यामुळे ‘म्हातारचळ लागला’ असा शिक्का मारून प्रकरण मिटवले जाते. नैराश्यातील घसरण बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत झालेली असते व रुग्ण स्वतःच आपल्या विसराळूपणाची तक्रार करतो. स्मृतिभ्रंशाची वाटचाल सहसा काही वर्षांची असते आणि त्या रुग्णाला आपल्या चुकांची पुरेशी जाणीव नसते. दोन्ही आजार एकत्र असू शकतात, हेही खरे. उतारवयात प्रथमच उद्भवलेले नैराश्य कधीकधी पुढे येणाऱ्या स्मृतिभ्रंशाची पूर्वसूचना ठरते. म्हणूनच नैराश्य बरे झाल्यानंतरही स्मृतीची तपासणी पुन्हा करावी, असे तज्ज्ञ सांगतात.

निदान करताना काही साध्या गोष्टी तपासल्याखेरीज पुढे जाऊ नये. थायरॉईड ग्रंथीचे मंदावलेले कार्य, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता (शाकाहारी वृद्धांमध्ये ती वारंवार आढळते), पार्किन्सनचा आजार, पक्षाघाताचा सौम्य झटका, तसेच स्टेरॉईडसारखी औषधे यांमुळे नैराश्य निर्माण होऊ शकते वा वाढू शकते. ऐकू न येणे हे कारण तर घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. लक्षणांची नोंद घेण्यासाठी वृद्धांकरिता खास तयार केलेली, ‘हो’ वा ‘नाही’ अशा उत्तरांची पंधरा प्रश्नांची प्रश्नावली उपलब्ध आहे व ती प्राथमिक आरोग्य केंद्रातही वापरता येते.

औषधे : मात्रा कमी, संयम अधिक

नैराश्यावरील औषधे तरुणांइतकीच वृद्धांनाही उपयोगी पडतात. मात्र वृद्ध शरीरात यकृत व मूत्रपिंड यांचे कार्य मंदावलेले असल्यामुळे औषध अधिक काळ रेंगाळते. त्यामुळे नेहमीच्या निम्म्या मात्रेने आरंभ करून ती हळूहळू वाढवण्याची पद्धत आहे. या पद्धतीचा उत्तरार्ध अनेकदा विसरला जातो. कमी मात्रेवरच रुग्ण महिनोन्‌महिने राहतो, गुण येत नाही आणि औषधच निरुपयोगी ठरवले जाते. वृद्धांमध्ये पूर्ण परिणाम दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागू शकतात, ही गोष्ट रुग्णाला व नातेवाइकांना पहिल्याच भेटीत सांगावयास हवी. अन्यथा तिसऱ्या आठवड्यात गोळ्या बंद होतात.

सरट्रालिन वा एस्सिटॅलोप्राम यांसारख्या औषधांना सामान्यतः प्रथम पसंती दिली जाते. झोप व भूक दोन्ही हरवलेल्या रुग्णाला मिर्टाझापिन उपयुक्त ठरते. अ‍ॅमिट्रिप्टिलिन व इमिप्रामिन ही जुनी औषधे परिणामकारक खरी, परंतु प्रोस्टेटची वाढ झालेल्या पुरुषांना त्यांमुळे लघवी अडण्याचा त्रास होऊ शकतो. बद्धकोष्ठता वाढते, उठून उभे राहताना रक्तदाब एकदम घसरतो व हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. नवीन औषधेही पूर्णतः निर्धोक नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत रक्तातील सोडियम कमी होऊन रुग्ण गोंधळल्यासारखा वागू लागतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर हा धोका अधिक असतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात केलेली सोडियमची एक साधी तपासणी मोठे संकट टाळू शकते. अ‍ॅस्पिरिन किंवा वेदनाशामक गोळ्या सोबत चालू असल्यास पोटातील रक्तस्रावाकडे लक्ष ठेवावे लागते. झोपेच्या गोळ्यांचा सढळ वापर हा आपल्याकडील जुना दोष आहे. त्यांनी नैराश्य बरे होत नाही, उलट रात्री उठताना तोल जाऊन खुब्याचे हाड मोडण्याची भीती वाढते.

भ्रमयुक्त नैराश्यात केवळ नैराश्यरोधी औषध अपुरे पडते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सरट्रालिन व ओलान्झापिन ही औषधे एकत्र दिली असता, एकट्या ओलान्झापिनपेक्षा अधिक रुग्णांना गुण आला. साठीवरील रुग्णांनाही त्याचा तितकाच लाभ झाला. तथापि औषधांच्या मर्यादाही मान्य करावयास हव्यात. दोन औषधांनी गुण न आलेल्या वृद्धांवर अमेरिका व कॅनडात झालेला एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चालू औषधाला दुसऱ्या औषधाची जोड दिल्यावर सुमारे २८ ते २९ टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले, तर औषध बदलून दिलेल्या गटात हे प्रमाण सुमारे १९ टक्के राहिले. गोळ्यांना दाद न देणाऱ्या रुग्णांचा गट लहान नाही, हेच यावरून दिसते.

विद्युत-उपचार : भीतीचा इतिहास व आजचे रूप

ज्याने अन्नपाणी सोडले आहे, जो अंथरुणावर निश्चल पडून आहे, किंवा ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार घोळत आहेत, अशा वृद्धासाठी आठ-बारा आठवडे थांबणे शक्य नसते. अशा प्रसंगी सर्वांत परिणामकारक ठरणारा उपचार म्हणजे विद्युत-उपचार, अर्थात ‘ईसीटी’. सर्वसामान्य लोक त्याला ‘शॉक’ म्हणतात व त्या शब्दासरशी चित्रपटांतील हातपाय बांधलेल्या रुग्णाचे दृश्य डोळ्यांसमोर येते. १९३८ साली रोम येथे सेर्लेत्ती व बिनी यांनी या उपचाराचा प्रथम प्रयोग केला, तेव्हा आणि त्यानंतरही कित्येक वर्षे तो भूल न देताच केला जाई. त्या काळातील भीती निराधार नव्हती, हे मान्यच करावे लागेल.

आजची पद्धत मात्र अगदी निराळी आहे. रुग्णाला उपाशीपोटी आणून शिरेतून अल्पकालीन भूल देण्यात येते, स्नायू शिथिल करणारे औषध दिले जाते व प्राणवायू चालू ठेवला जातो. मग काही सेकंद नियंत्रित विद्युतप्रवाह देऊन मेंदूत साधारण अर्धा ते एक मिनिट टिकणारा झटका निर्माण केला जातो. शरीराला तो फारसा जाणवतही नाही. अर्ध्या तासात रुग्ण शुद्धीवर येऊन बोलू लागतो. आठवड्यातून दोन वा तीन वेळा याप्रमाणे सामान्यतः सहा ते बारा उपचार द्यावे लागतात. वय वाढले की या उपचाराचा गुण कमी होत नाही. उलट तरुणांपेक्षा वृद्धांमध्ये तो अधिक चांगला येतो, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. अमेरिकेत साठीवरील २४० रुग्णांवर झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूच्या उजव्या बाजूस अत्यल्प कालावधीचे विद्युतस्पंद देण्यात आले व सोबत व्हेन्लाफॅक्सिन हे औषध होते. सरासरी सात उपचारांत सुमारे ६२ टक्के रुग्ण पूर्णतः लक्षणमुक्त झाले. औषधांच्या तुलनेत हा परिणाम किती जलद आहे, हे यावरून ध्यानात यावे.

धोक्यांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. उपचारांच्या काळातील व त्याआधीच्या काही आठवड्यांतील घटना रुग्णाला आठवेनाशा होतात. बहुतेकांची स्मृती काही आठवड्यांत पूर्ववत होते, परंतु काहींच्या आठवणींत कायमची पोकळी राहते. एका बाजूस उपचार दिल्यास हा त्रास कमी होतो. नुकताच हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात झालेला असल्यास, किंवा मेंदूतील दाब वाढलेला असल्यास विशेष दक्षता आवश्यक ठरते. मृत्यूचा धोका मात्र अत्यल्प, म्हणजे एक लाख उपचारांमागे सुमारे दोन इतकाच आढळतो. अन्न सोडलेल्या वृद्धाला तसेच पडू देण्यातील धोका याहून कितीतरी मोठा असतो.

२९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ अन्वये भूल व स्नायुशिथिलक दिल्याशिवाय विद्युत-उपचार करण्यास बंदी घालण्यात आली आहे. तसेच तातडीच्या उपचारांविषयीच्या तरतुदीखाली हा उपचार करता येत नाही. रुग्ण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून, दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर, त्याला प्रथम तीस दिवसांपर्यंत रीतसर दाखल करून घ्यावे लागते व त्यानंतरच प्रतिनिधीच्या संमतीने उपचाराचा निर्णय होतो. आपला प्रतिनिधी कोण असावा व आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत, हे प्रकृती बरी असतानाच लेखी नमूद करण्याचा हक्कही या कायद्याने दिला आहे. मृत्युपत्राची चर्चा आता अनेक घरांत होते, पण या लेखाची फारशी होत नाही.

तज्ज्ञ दूर असतील तेव्हा

बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने बारा राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले. त्याच पाहणीनुसार दर लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञांचे प्रमाण केरळमध्ये १.२, तर मध्य प्रदेशात केवळ ०.०५ होते. ही उणीव पाच-दहा वर्षांत भरून निघणारी नाही.

याबाबत गोव्यातील अनुभव मार्गदर्शक ठरावा. तेथील ‘संगत’ या संस्थेने वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांच्यामार्फत सेवा सुरू केली. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अधिक तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना सहा ते आठ भेटी देण्यात आल्या. दिवसाचा दिनक्रम पुन्हा बांधणे, टाळलेली कामे थोडीथोडी हाती घेणे, माणसांत जाणे, असे या भेटींचे स्वरूप होते. तीन महिन्यांनंतर या गटातील ६४ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले, तर नेहमीची सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. या अभ्यासात पासष्टीपर्यंतच्याच व्यक्ती होत्या. साठीवरील १८१ वृद्धांसाठी गोव्यातच झालेला निराळा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सौम्य लक्षणे असणाऱ्यांना अडचणी सोडवण्याची पद्धत, झोपेच्या चांगल्या सवयी, मधुमेहासारख्या आजाराची काळजी आणि सरकारी योजनांचा लाभ मिळवून देण्यास मदत, असे साहाय्य देण्यात आले. वर्षभरात या गटातील सुमारे ४ टक्के वृद्धांनाच पूर्ण स्वरूपाचे नैराश्य आले, तर इतरांत हे प्रमाण १४ टक्क्यांहून अधिक होते. भ्रमयुक्त वा अन्न सोडलेल्या रुग्णाला अशा समुपदेशनाने बरे करता येईल, असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्याला वेळीच ओळखून पुढे पाठवणे आणि परत आल्यावर सांभाळणे ही कामे निश्चितच अशा कार्यकर्त्यांकडून होऊ शकतात.

शासकीय पातळीवर १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम हाती घेण्यात आला व १९९६ मध्ये चार जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. २०१०-११ पासून वृद्धांच्या आरोग्यसेवेसाठी स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम राबविण्यात येत आहे. हे दोन्ही कार्यक्रम एकाच जिल्हा रुग्णालयात वेगवेगळ्या खोल्यांतून चालत असतील, तर दोन्ही आजारांचा वृद्ध रुग्ण मधल्या व्हरांड्यातच राहतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक मराठीसह अनेक भारतीय भाषांतून चोवीस तास उपलब्ध आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही स्वतंत्र साहाय्यवाणीही कार्यरत आहे. जीव देण्याची भाषा वृद्धाच्या तोंडी आली तर ती कंटाळ्याची म्हणून सोडून देऊ नये. त्याविषयी सरळ विचारल्याने तो विचार बळावत नाही. त्या व्यक्तीला एकटे न ठेवता त्वरित रुग्णालयात नेणे इष्ट.

बरे झाल्यानंतरचे वर्ष

उपचारांतील सर्वाधिक दुर्लक्षित भाग म्हणजे गुण आल्यानंतरचा काळ. रुग्ण जेवू लागला, हसला, पारावर जाऊन बसला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि गोळ्या हळूच बंद होतात. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्युत-उपचारांनी बऱ्या झालेल्या रुग्णांपैकी ज्यांना पुढे औषधाऐवजी बनावट गोळी देण्यात आली, त्यांतील ८४ टक्के जणांचे नैराश्य सहा महिन्यांच्या आत परतले. नॉर्ट्रिप्टिलिन व लिथियम ही औषधे एकत्र घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के राहिले. लिथियम घेणाऱ्या वृद्धाच्या रक्तातील त्याची पातळी, मूत्रपिंड व थायरॉईड यांची नियमित तपासणी करावी लागते. काही रुग्णांना औषधांसोबत महिन्यातून एखादा विद्युत-उपचार चालू ठेवल्यास अधिक लाभ होतो.

पहिल्याच वेळी नैराश्य आलेल्या वृद्धाने पूर्ण बरे वाटल्यापासून निदान वर्षभर, ज्या मात्रेवर गुण आला त्याच मात्रेत औषध घ्यावे, आणि आजार पुन्हापुन्हा उद्भवत असेल तर कित्येक वर्षे घ्यावे, असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे. औषध थांबवायचे झाल्यास ते टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवावे लागते. दररोजच्या गोळीची जबाबदारी घरात बहुधा पत्नीवर वा सुनेवर येते. रुग्णालयातून घरी पाठवताना कागद मात्र मुलाच्या हाती दिला जातो व सूचनाही त्यालाच सांगितल्या जातात. कोणती गोळी केव्हा द्यायची, सोडियमची तपासणी कोणत्या तारखेस करायची आणि पहाटे लवकर जाग येणे पुन्हा सुरू झाल्यास कोणाला कळवायचे, हे त्या घरात प्रत्यक्ष गोळी देणाऱ्या व्यक्तीला मातृभाषेत लिहून द्यावयास हवे. तिला वाचता येत नसेल तर गावातील आशा कार्यकर्तीला त्या भेटीच्या तारखा ठाऊक असाव्यात.